न्यायाधीशांचा वरचा ओठ

ऑफिसातल्या आम्हा बायकांच्या नाटकात मी न्यायाधीश, आणि मिशी लावावी तर मीच, असं मी छातीठोकपणे सांगत फिरत होते! तालमीत ती मिशी सुटली आणि थेट आरोपीच्या चहात पडली. दिग्दर्शकबाई कडाडल्या, "परत पडली तर ही भूमिका टायपिस्टला!" टायपिस्टबाईंनी माझे संवाद केव्हाच पाठ करून ठेवले होते. मला रात्रभर झोप नाही!

मग डोकं चाललं. दोष मिशीचा नव्हता, ओठावरच्या लवेचा होता! नाट्यस्पर्धेच्या दिवशी दुपारी नणंदेचं पार्लर गाठलं. तिने तोंड धुवायला लावलं, कोरडं केलं, पावडर लावली.

"वहिनी, मुरमांचं मलम वगैरे लावलं नाहीस ना? सालटं निघेल हं!"

"छे गं!"

वॅक्सची पट्टी लावली, फट्! दुसरी लावली, फट्! सात पिढ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मग तिने थंड पाण्याची घडी ठेवली, कोरफडीचा गर लावला.

"आता उद्यापर्यंत ओठाला काही लावायचं नाही. मेकअप नाही, वाफ नाही, चोळणं नाही!"

"मी कशाला काय लावतेय?" नाटकाचं तिच्याकडे अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं असतं तर तिने पट्टीला हातच लावला नसता.

तीन तासांनी त्याच ओठावर मिशीचा डिंक! आई गं! निखारा परवडला! शेवटच्या प्रवेशात फाशीचा हुकूम वाचायला उभी राहिले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. आरोपी स्वतःचा संवाद विसरून मलाच समजावू लागली, "रडू नका, महाराज!" प्रेक्षागृहात कुणीतरी नाक ओढलं. मला फक्त विंगेतलं थंड पाणी दिसत होतं.

"जा! सोडलं तुला!" असं ओरडून मी पळाले.

फाशीचं नाटक मी एका वाक्यात निकालात काढलं होतं! आता भूमिका गेलीच, म्हणून ओठावर बर्फ धरून बसले. तेवढ्यात दिग्दर्शकबाई धावत आल्या आणि मला चक्क मिठी मारली.

"पहिला नंबर! असा हळवा न्यायाधीश परीक्षकांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता! आठ प्रयोग मिळालेत. दर वेळी अस्संच रडायचं. नाही जमलं, तर टायपिस्ट आहेच!"

पुढचा प्रयोग येत्या रविवारी आहे. आणि ओठावर उपटायला एक केस शिल्लक नाही हो!