तात्यांचे चार कोयते

आमच्या शेजारचे बाबूतात्या रोज सकाळी चहाच्या आधी घरासमोर उभ्या असलेल्या दुधाच्या जुन्या गाडीत चढतात, बाजेखालच्या पेटीचं झाकण उघडतात आणि आतल्या आठ निळ्या ठोकळ्यांना एकेक करून मीटरच्या सुया टेकवत विचारतात, "झोप लागली का?" आकडा पटला की स्वतःच उत्तर देतात, "लागली." नाही पटला तर ठोकळ्यावर उलटा हात ठेवून बघतात, लेकराचा ताप बघतात तसा.

मी अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं घेणं आणि ती भरली नाहीत की आयांना बोलणं हे माझं काम. त्यामुळं बॅटऱ्यांची ही असली काळजी बघून मला आधी हसू यायचं आणि मग राग यायचा. आमच्या गावात लेकरांनासुद्धा कुणी रोज उठून हात लावून बघत नाही.

गाडीच्या अंगावर अजून 'ताजे व शुद्ध दूध' असं लिहिलेलं आहे. तात्यांनी आत बाज टाकली, पडदे लावले, स्टोव्हला फळी केली, टपावर सोलरची पाटी बसवली, पण ती अक्षरं काही पुसली नाहीत. युसूफ वडगावच्या बाजारात गाडी उभी केली की एखादी बाई किटली घेऊन येतेच. "दूध न्हाई, करंट हाय," तात्या तिला सांगतात. "लिटरभर दिऊ का?"

तात्यांनी अर्धी हयात ऊस तोडला आणि नंतर उसाचे ट्रॅक्टर चालवले. ट्रॅक्टर वाटेत बंद पडायचे, तेव्हा वायरिंग आपोआप शिकले. लिथियमची बॅटरी मात्र ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकले, तेही आवाज बंद करून. मी विचारलं, कावून? तर म्हणाले, "त्येंचं बोलनं मला कळत न्हाई बाई, हात कळत्यात. बोलनं चालू ठिवलं की हाताकडं ध्यान ऱ्हात न्हाई."

त्यांनी सगळ्या कामाला आपली नावं दिली होती. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत नाही. तात्यांनी आठ ठोकळे दोन-दोन करून बांधले आणि त्यांचे चार कोयते केले. जोडीतले दोघं एकाच सरीत चालणार, म्हणजे सारखाच भार उचलणार. मग चारही जोड्या तांब्याच्या पट्ट्यांनी एकामागं एक जोडल्या. ती झाली टोळी.

पण टोळी कामाला लावायच्या आधी पंगत. आठही ठोकळे एकत्र जोडून हळूहळू चार्ज करायचे, सगळ्यांची पोटं सारखी भरेपर्यंत. "एक उपाशी आन एक पोटभर जेवलेला, असं काम चालत न्हाई," तात्या म्हणायचे. ही पंगत त्यांच्या पुढच्या खोलीत कितीतरी दिवस चालली. तेव्हा त्या खोलीत अंगावर धातू घालून कुणाला शिरू देत नसत. मला मंगळसूत्र पदरात खोचायला लावलं. "जोडवी ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "पायानं कोन हात लावतंय."

त्याच दिवसांत गावचे एक पुढारी बघायला आले. तात्यांनी त्यांना दारातच अडवलं. आंगठ्या काढवल्या, साखळी काढवली, कडं काढवलं, घड्याळ काढवलं. सगळा ऐवज ड्रायव्हरच्या ओंजळीत गेला. मग तात्यांची नजर खाली गेली. "पट्टा बी काढा. बक्कल लोखंडाचं हाय."

"आरं बाबू, मंदिरात बी एवढं काढावं लागत न्हाई."

"देवाला शॉर्ट होत न्हाई, साहेब. मधी पट्ट्या उघड्या हायेत."

पुढारी एका हातानं पँट धरून दोन मिनिटं उंबऱ्यात उभे राहिले आणि आत न येताच गेले. नंतर गावभर सांगत सुटले की बाबू येडा झाला.

मला सगळ्यात मजा वाटायची ती मुकादमाची. या बॅटऱ्यांवर लक्ष ठेवायला सर्किटची एक हिरवी पट्टी असते. कुठला ठोकळा तापला, कुणाचा दम संपत आला, हे ती बघते आणि एक जरी थकला तरी सगळी टोळी थांबवते. तात्या तिला मुकादम म्हणायचे आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. "ह्यो मुकादम मानसाहून बरा, बाई. दमल्याला दमला म्हनतो."

हे सगळं चाललं होतं पारूवैनींसाठी, तात्यांच्या बायकोसाठी. वैनी या उन्हाळ्यात गेल्या. मी सांगतेय ते त्याआधीच्या हिवाळ्यातलं.

वैनींची फुप्फुसं चुलीच्या धुरानं आणि जळत्या पाचटाच्या राखेनं निकामी झाली होती. चोवीस तास नाकाला नळी आणि नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. मशीनला लाइट पाहिजे. म्हणजे नळी पुरेल तेवढंच त्यांचं गाव. त्या उंबऱ्यापर्यंत येत आणि तिथं उभ्या राहून माझ्याशी बोलत. "दाव्याला बांधलंय मला," म्हणत आणि हसायला जात, पण हसण्याइतका श्वास नसायचा.

एके दुपारी तात्या बाजारात गेलेले असताना त्यांनी मला सांगितलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या हंगामात कृष्णाकाठच्या एका फडावर, कोपीत त्यांना मुलगी झाली. उसाच्या पानांची ती झोपडी, थंडीचे दिवस. तात्या मुकादमाकडं गेले आणि म्हणाले, हिला थोडे दिवस बसू द्या, हिच्या वाटचं मी तोडतो. मुकादम म्हणाला, अर्धा कोयता मला चालत नाही. वैनी ओल्या बाळंतीण फडात उतरल्या. पोरगी पाचटावर फडक्यात. बारशाच्या आधीच ती गेली. शेतमालकाच्या विहिरीजवळ, बांधाला तिला पुरलं आणि दुपारी परत तोडीला लागले. पुढं मुलगा झाला, वाढला, पुण्याला लागला. त्या फडावर काम पुन्हा कधी लागलं नाही.

"एक डाव तिथं जायचंय," वैनी म्हणाल्या. "मग कायबी होऊ दे."

मुलानं सुचवलं होतं की सिलिंडर घ्या, भाड्यानं गाडी करा आणि जाऊन या. वैनींना ते नको होतं. "तवा बी लेकराजवळ बसाया मिळालं न्हाई. आता पळत जाऊन पळत यायचं? मला एक रात तिथं निजायचंय." रात्रभर मशीन चालवायचं आणि आसपास लाइटचा खांब नाही, म्हणून बॅटरी, म्हणून ती दुधाची गाडी. हे ऐकल्यावर मी तात्यांना हसणं सोडून दिलं.

आधी चाचणी म्हणून आम्ही नांदूरघाटला निघालो. वैनी बाजेवर, मी त्यांच्या पायाशी, तात्या स्टेअरिंगवर. तिथं झाडाखाली गाडी बंद करून बसलो. दुपार कलायच्या आत मशीनची घरघर अचानक थांबली. वैनींचे ओठ काळे पडायला लागले. सोबत अडीअडचणीचा छोटा सिलिंडर होता. मी झटकन नळी बदलली. श्वास लागल्यावर मी तात्यांवर जे तोंड सोडलं ते आता लिहिण्यासारखं नाही.

बॅटरीला काहीच झालं नव्हतं. पोटं निम्म्याहून जास्त भरलेली होती. मुकादमानं टोळी थांबवली होती, कारण तात्यांनीच मोबाइलवरून त्याला तसं सांगून ठेवलं होतं: जरा कुणी दमलेला दिसला की थांब. किती उरलं की थांबायचं, याचा व्हिडिओतल्या माणसांनी जो आकडा लावला त्याहून तात्यांनी तो कितीतरी वर ठेवला होता.

"कावून पण?" मी ओरडले.

तात्या मान खाली घालून बसले होते. "दमल्यावर राबवायला मन हुईना," म्हणाले.

सिलिंडरची नळी नाकाला लावलेल्या वैनी बाजेवरून हळूच म्हणाल्या, "त्या मुकादमाला सांगा, मी अजून दमले न्हाई. चालू कर म्हनावं."

तात्यांनी चष्मा पुसला, मोबाइल काढला आणि आकडा खाली आणला. मग पेटीच्या झाकणावर हात ठेवून पुटपुटले, "माफी करा रे. थोडं वढा." मशीन सुरू झालं. मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले.

पुढच्या आठवड्यात आम्ही कृष्णाकाठी गेलो. मी रजा टाकली होती, कारण वैनींनी जाहीर केलं होतं की बाई बरोबर असल्याशिवाय मी हलणार नाही. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. विहीर होती. बांध नांगरून नांगरून अरुंद झाला होता आणि दोन्हीकडं ऊस उभा होता. शेताच्या दुसऱ्या टोकाला एक टोळी तोडत होती. तात्या विहिरीपासून पावलं टाकत हिशेब करायला लागले. वैनींनी गाडीच्या दारातूनच बोट केलं. "तितं हाय ती." तात्यांनी गाडी मागं घेऊन त्या जागेला लावली. रात्रभर मशीन न अडखळता चाललं. वैनी शांत झोपल्या. पेटीला टेकलेल्या तात्यांना झोप लागली की नाही ते मला माहीत नाही.

सकाळी वैनी नळीसकट खाली उतरल्या आणि बांधावर बसल्या. बराच वेळ मातीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "हिला नाव न्हाई ठिवलं आपन."

"हाय की," तात्या म्हणाले. "सुरेखा."

वैनींनी वळून बघितलं. "कवा ठिवलं?"

"तवाच. मनात."

"मला न्हाई सांगितलं."

"तू रडली आस्तीस."

वैनी मातीकडं बघत म्हणाल्या, "मी मंगल म्हनायचे. एवढी वर्सं मंगलच म्हनते."

"मंगल? तुज्या मावशीचं? ती कजाग बाई."

"मग सुरेखा कोन हाय? तुमच्या वळकीची?"

आणि ते दोघं भांडायला लागले. एवढ्या वर्षांपूर्वी गेलेल्या पोरीच्या नावावरून, थंडीत, बांधावर बसून, नव्या आईबापांसारखे. वैनींना मध्येमध्ये दम घ्यावा लागायचा, तेव्हा तात्या त्यांची वाट बघत थांबायचे आणि मग पुन्हा भांडायचे. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. शेवटी वैनी म्हणाल्या, "नाव ठिवायचा मान आत्याचा. तुमाला भैन न्हाई. बाई ठिवतील."

मी गावातल्या किती पोरांची नावं लिहून घेतली असतील, पण कुणाला नाव दिलं नव्हतं. मी खाली वाकले. बाळाच्या कानाशी तोंड नेतात तसं मातीजवळ तोंड नेलं, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मंगल सांगितलं. तात्यांनी मान डोलावली.

तोडणारी टोळी सरकत सरकत आमच्याजवळ आली होती. कमरेला लेकरू बांधलेली एक बाई कोयता खाली करून थांबली आणि नळी लावलेल्या म्हातारीकडं बघून म्हणाली, "काय हाय आजी, हितं?"

"बारसं हाय," वैनी म्हणाल्या. "आमच्या पोरीचं."

त्या बाईनं मोकळ्या मातीकडं बघितलं. कडेवरच्या लेकराला जरा वर ओढून घेतलं. मग तिनं, बारशाला आलेली कुठलीही बाई विचारील तसं विचारलं, "नाव काय ठिवलं?"

वैनींना सांगायचं होतं, पण दम पुरेना. तेव्हा तात्या उठून उभे राहिले आणि फडातल्या सगळ्या कोयत्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मंगल."