चटणीला आलेले पाहुणे

लंडनच्या दुकानवाल्या बाई फोनच्या पडद्यावर उगवल्या, तेव्हा दाक्षायणीबाईंनी आधी पदर सारखा केला, मग घसा साफ केला आणि शेवटी दिराकडे पाठ फिरवली. दीर सोमशेखर मजा बघायला मुद्दाम खुर्ची ओढून बसले होते.

"वैनी, चटणी कुटणं येगळं आन् इंग्रजी बोलणं येगळं. दोन मिन्टात फोन ठिवतीया बगा ती."

लंडनच्या बाईंची अट एकच होती, उत्तरं चटणी करणारणीनंच द्यायची. मागणी मिळाली तर उखळावर चटणी कुटणाऱ्या सहाही बायकांना बारमाही काम मिळणार होतं. म्हणून भाची सोनालीनं आठवडाभर मावशीकडून इंग्रजी घोटून घेतलं होतं. क्वचित घडतं ते 'रेअरली', वाढत चाललंय ते 'मोअर अँड मोअर ऑफन', घटत चाललंय ते 'लेस अँड लेस ऑफन'. दाक्षायणीबाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी चुकल्या नसत्या.

बाईंनी पहिला प्रश्न टाकला. सोनालीनं कानात मराठी केलं, "गिऱ्हाईक परत येतं का, कितीदा येतं?"

"रेअरली," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

सोनालीनं मावशीला कोपरानं ढोसलं. "मावशी, उलटं सांगितलंस की."

"गप. समजून सांगितलंय. धंदा जोरात हाय असं परक्यापुढं बोलायचं न्हाय, दृष्ट लागती. दिवाळीत पुण्याच्या बाईला 'हातोहात खपती' म्हनले, सांजच्याला मुसळाचे दोन तुकडे."

बाईंनी विचारलं, निदान अलीकडे तरी लोक जास्त येतात का?

"लेस अँड लेस ऑफन." सोबत एक लांबलचक सुस्कारा.

सोनालीनं कपाळाला हात लावला. इंग्रजीतलं एक 'येस' सोडलं तर सोमशेखरना काही कळत नव्हतं, पण पोरीचं तोंड बघूनच त्यांची कळी खुलली.

एवढ्यात दारात मल्लव्वा उभी. "अक्का, दोन किलो दे की. लेक नातेपुत्याला निघालीया." तिच्यामागं चौघी, त्यांच्यामागं दोन रिक्षावाले. बघता बघता रांगेचं शेपूट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत शिरलं, आणि गिरणीतली माणसं दळण सोडून शेपटाला चिकटली. हे सगळं पडद्यावर लंडनला दिसत होतं.

ही कोण मंडळी, बाईंनी विचारलं.

"रिलेटिव्ह," दाक्षायणीबाई बोलून गेल्या.

कितीदा येतात?

आता मात्र त्यांची जीभ सैल सुटली. पाहुणे वाढले म्हणून कुणाची दृष्ट लागल्याचं साऱ्या सोलापुरात ऐकिवात नव्हतं. "मोअर अँड मोअर ऑफन. मॉर्निंग, इव्हिनिंग. ऑल्वेज."

त्यांच्याकडून पैसे घेता?

पाहुण्यांकडून पैसे? दाक्षायणीबाईंनी कानाला हात लावले. "नेव्हर."

बाई गोड हसल्या. मग मलाही पाहुणी समजा, म्हणाल्या, आणि याच महिन्यात दोनशे किलो पाठवा.

सोनालीनं मराठी करायच्या आत दाक्षायणीबाईंना 'टू हंड्रेड' कळलं होतं. दृष्ट उतरवायला मूठभर मीठ-मोहऱ्या पुरतात. दोनशे किलो चटणी फुकट घालायची तर उखळ विकावं लागलं असतं. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"नो रिलेटिव्ह. ऑल कस्टमर. मोडनिंब कस्टमर, पुणे कस्टमर. टेकिंग, ईटिंग, अगेन कमिंग. मोअर अँड मोअर अँड मोअर ऑफन."

पडद्यावर बाई पोट धरून हसत होत्या. मागं तराजूपाशी बसलेली महानंदा नोटा घेताना त्यांना कधीपासून दिसत होती. दरमहा दोनशे किलो, रोख, ठरलं, असं त्यांनी सांगून टाकलं. उखळावरच्या बायकांनी मुसळं उभी आपटली. तो दणका म्हणे लंडनलाही ऐकू गेला.

फोन ठेवता ठेवता बाईंनी विचारलं, ते खुर्चीवरचे गृहस्थही गिऱ्हाईकच का?

"नो. दिस रिअल रिलेटिव्ह."

आणि ते कितीदा येतात?

दाक्षायणीबाईंनी वळून दिराकडे शांतपणे पाहिलं.

"फ्रॉम टुडे, लेस अँड लेस ऑफन."

आपल्याविषयी काहीतरी चांगलं बोलणं चाललंय हे सोमशेखरनी ओळखलं. खुर्चीवरून उठून त्यांनी पडद्याला हात जोडले. "येस," ते म्हणाले, "येस, येस."