सारंगकाकांचे तळवे

आमच्या रत्नागिरीच्या स्केटिंग हॉलमध्ये रोज सकाळी एक म्हातारा अनवाणी, डोळे मिटून, इंच इंच चालत असतो. नवी पालकमंडळी घाबरतात. घाबरू नका. ते आमचे शेजारी, सारंगकाका. बोटीवर खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग होते. खरं नाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक.

काका तळव्यांनी खडे शोधतात. पोरांच्या चपलांतून जांभ्या दगडाचा कण आत येतो, चाकाखाली गेला की पोर आडवं. "काका, झाडू मारा की!" मी म्हणालो.

"झाडूला कळतं काय रे?"

स्वतः जन्मात स्केट्स घातले नाहीत. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाय. मला जमीन कळते."

माझी लेक सायली याच जमिनीवर गिरक्या घेत वाढली. ज्युनिअर गटात पदकं ठेवायला कपाट पुरेना. मग ज्युनिअरचं वय संपलं, सिनिअर गट आला. उड्या अवघड, समोरच्या मुली हातभर उंच, आणि सरावाला पुण्यालाच राहायला हवं.

"जाऊ दे, कटकट गेली," काका म्हणाले, आणि दोन दिवस आमच्याकडे चहाला फिरकले नाहीत. एकटा जीव, आमचाच चहा पिणारा. मला वाईट वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला हॉलवर बोलावलं. जमवलेले खडे जमिनीवर उधळून ठेवलेले! "बूट काढ गो. डोळे मीट. शोध." शेवटचा खडा सापडेपर्यंत सोडलं नाही. "तिकडे मी नाय. आता तुझे तळवे, तुझी जमीन."

पहिल्या सिनिअर स्पर्धेनंतर तिचा फोन आला. शेवटून दुसरी! माझा चेहराच पडला. काकांनी फोन हिसकावला.

"पडलीस?"

"दोनदा."

"खड्यानं?"

"नाही हो काका. दोन खडे होते, ते मी आधीच शोधून काढले. पडले ती माझ्या चुकीनं."

"मग झ्याक! आपल्या चुकीनं पडलेलं माणूस सुधारतं."

फोन परत देताना म्हाताऱ्यानं उघड उघड डोळे पुसले. "उद्यापासून हॉल लवकर उघडायला सांग रे. पोरगी गणपतीला येईल, तेव्हा एक खडा दिसता कामा नये."

गणपतीला अजून सात-आठ महिने; संक्रांतीचा तिळगूळ अजून आमच्या डब्यात होता.