देवचाराच्या वहाणा

विमानतळ होणार म्हणून दत्तप्रसादने धारगळला हायवेच्या कडेला जो फ्लॅट अठ्ठेचाळीस लाखांना घेतला होता, तस्साच फ्लॅट शेजारच्या नव्या इमारतीत तीस लाखांना मिळतो, ही बातमी जानकीने त्याला सकाळच्या पावाच्या उंड्याबरोबर वाढली. त्याचे कर्ज अजून अडतीस लाख शिल्लक होते.

"म्हणजे आज विकलो तर?" उंडा चहात बुडवत त्याने विचारले.

"तर घर जातला, आणि वयर आठ लाख रीण उरतला."

जानकी हायस्कुलात विज्ञान शिकवायची. असली वजाबाकी तिला करावी लागत नसे, दिसत असे. फ्लॅट विकायची तिची मुळीच इच्छा नव्हती. मागच्या गॅलरीतून सातवणीचे जुने झाड दिसायचे, झाडापलीकडे शेते होती, आणि रोज सकाळी दत्तप्रसाद घोरत असताना शेताच्या बांधावरून एक फेरी मारून आल्याशिवाय ती शाळेत जात नसे.

"बँकेत जावन मुदत वाढवन घेया," ती म्हणाली. "हप्तो कमी होतलो. घर रवाक घेतलंला, विकूक न्हय."

"तीस लाखांच्या घराक अडतीस फेडूचे? लोक हसतले माका."

लोक हसतील ही त्याची खरी अडचण होती. फ्लॅट घेतला तेव्हा अर्ध्या पेडणे तालुक्याला त्याने गुंतवणुकीवर व्याख्याने दिली होती.

उपाय सुचवला जानकीच्या भावाने. गौरेश विमानतळावर टॅक्सी चालवायचा आणि प्रवाशांकडून भाड्याबरोबर जगभरचे ज्ञान गोळा करायचा.

"भाओजी, भायल्या देशात लोक घराची चावी बँकेच्या टेबलार ठेवतत आणि फाट करून चलतत."

"आणि हंय?"

"हंय किंमत आणखी पाडूची. भाव पंधरा लाखार आयलो की बँकच म्हणतली, दे बाबा पंधरा आणि सूट."

दत्तप्रसादला हे एकदम पटले. त्याने त्याच दिवशी फ्लॅटचे नव्याने मूल्यमापन करा म्हणून बँकेत अर्ज टाकला. राहिला प्रश्न भाव पाडायचा. तो दुसऱ्या सकाळी पोदेराच्या सायकलभोवती पाव घ्यायला जमलेल्या घोळक्यात सुटला. दत्तप्रसादने वरच्या मजल्यावरच्या वत्सलाकाकींना बाजूला घेतले आणि आवाज उतरवला.

"काकी, आमची ही इमारत देवचाराच्या वाटेर बांधल्या. ती सातवण त्याची. तुमका म्हायत आसतलाच."

काकींना माहीत नव्हते. पण त्या सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, त्यामुळे तसे म्हणता येईना. खांद्यावर कांबळे, हातात काठी घेऊन गावाच्या सीमेवरून फिरणारा देवचार आपल्या वाटेत केलेले बांधकाम खपवून घेत नाही, हे तर पेडण्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. संध्याकाळपर्यंत ते सर्वांना पुन्हा आठवले. दूधवाला पिशव्या फाटकावर टांगून पळू लागला. तळमजल्यावरच्या भाडेकरूला अचानक गावाकडची शेती आठवली. शेजारचा फ्लॅट घेणार असलेल्या कोल्हापूरच्या जोडप्याने विसार परत मागितला.

"पडता हां भाव," दत्तप्रसाद गॅलरीतून खाली बघत म्हणाला.

"आमचोच पडता," जानकी म्हणाली.

गुरुवारी त्याला बँकेतून बोलावणे आले. मॅनेजर सुप्रियाबाईंनी त्याचा अर्ज समोर धरला होता.

"दत्तप्रसाद, घराचा भाव पडला म्हणून कर्ज कमी होत नाही. विकलंत तर उरलेली रक्कम खिशातून भरायची. हप्ते थांबवलेत तर आम्ही लिलाव करू, आणि तरीही उरलेलं वसूल करू."

"आणि किंमत अगदीच पडली तर?"

"तर मुदत वाढवून मिळायची नाही, आणि वर आम्ही जादा तारण मागू." त्यांनी जुन्या कर्जाच्या फाइलीचे एक पान उलटले. "लाटंबार्सेला वडलांची काजूची बाग आहे ना? तुम्हीच लिहिलंय इथं. पुढं कंसात 'भरपूर उत्पन्न'."

दत्तप्रसादचे वडील कृष्णनाथ बागेत पडलेले बोंडू कोणी न विचारता उचलले तरी उचलणाऱ्याच्या तीन पिढ्यांची नावे घेऊन शिव्या घालत. ती बाग बँकेकडे गेली, तर त्या तीन पिढ्यांत पहिले नाव कोणाचे येईल हे उघड होते.

"अर्ज मागे घेतो मी."

"आता कसा? मूल्यमापक बुधवारी येणार. आजूबाजूला चौकशी करून काय तो भाव लावतील."

घरी येईपर्यंत त्याने देवचाराचा स्वभाव बदलून टाकला होता. तो जिना चढून सरळ वत्सलाकाकींच्या दारात उभा राहिला.

"काकी, माझी चूक झाली. देवचार आमच्यार रागावूक ना. तो राखणदार आसा. इमारत राखता. बुधवारी बँकेचो मूल्यमापक येतलो, त्याका तसाच सांगा."

"तुका कोणे सांगला?"

"सपनात आयलो."

"तुझ्या सपनात? अध्यक्ष मी, आणि तो तुका सांगता?" काकींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "असा कर. कोरी व्हाणो हाड आणि झाडामुळात ठेव. झिजली तर तो फिरता, राखण करता. झिजली नाय तर तू फटी मारतंस, आणि मी त्या मूल्यमापकाक तसाच सांगतलंय."

दत्तप्रसादने हे सगळे जेवताना जानकीला सांगितले. जानकीने "बरा" म्हटले आणि त्याला आणखी भात वाढला.

शुक्रवारी तो म्हापशाच्या बाजारात गेला. देवचाराला साजेलशा थोरल्या वहाणांची किंमत ऐकून त्याने श्रद्धेला थोडी मुरड घातली आणि लहान नंबर म्हणून कोपऱ्यात पडलेला, स्वस्तातला जोड उचलला. बेत सोपा होता. पहाटे उठायचे आणि तळवे दगडावर घासायचे.

शनिवारी त्याला जाग आली ती खालच्या गलक्याने. धावत उतरून बघतो तर वत्सलाकाकी एक वहाण उलटी धरून सगळ्यांना दाखवत होत्या. टाच झिजलेली, कडेला शेतातला ओला चिखल.

"सपनातला खरा निघाला रे," काकी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात प्रथमच आदर होता.

दत्तप्रसादने गजर लावला होता, तो वाजला होता आणि झोपेतच त्याने तो बंद केला होता. वहाणांना त्याचे बोटही लागले नव्हते. रविवारी तळवा आणखी झिजला. सोमवारी अंगठ्याखाली खळगा पडला. आता बेत सोडाच, तो झाडाकडे पाठ करून चालायलाही घाबरू लागला.

"जानकी, विज्ञान काय म्हणता ह्येका?"

"चामड्याचा घर्षण होता म्हणता."

"कोणाच्या पायांनी?"

"ता विज्ञानाक बघूक लागात," ती म्हणाली आणि शाळेची बॅग उचलून निघाली.

बुधवारपर्यंत सातवणीखाली नारळांची रास लागली होती. विड्यांची बंडले होती, हुर्राक या काजूच्या दारूची एक बाटलीही होती. तिची पातळी मात्र आपोआप खाली जात होती. कोल्हापूरच्या जोडप्याने विसार परत आणून दिला. शेजारच्या इमारतीतले लोक चौकशी करून गेले.

"आमच्याकडेन फिरना काय तो?"

"तुमच्याकडेन झाड खंय आसा?" वत्सलाकाकींनी त्यांना वाटेला लावले.

मूल्यमापक शांताराम गोव्यातल्याच आमोणे गावचे. त्यांनी झाडाखाली बूट काढले, हात जोडले आणि मगच टेप बाहेर काढला. खोल्या मोजल्या, गॅलरी मोजली, काकींकडे तासभर भावाची चौकशी केली. 'सुरक्षा व्यवस्था' या रकान्यापाशी मात्र त्यांचे पेन अडले. थोडा विचार करून त्यांनी लिहिले: चोवीस तास, विनावेतन.

भाव लागला पंचेचाळीस लाख.

"भाओजी, आता विका," गौरेश त्याच संध्याकाळी धावत आला. "गिऱ्हाईक माझ्या गाडीत बसलाहा."

दत्तप्रसादने खाली झाडाकडे पाहिले. संधिप्रकाशात वहाणा शेजारी शेजारी, आज्ञाधारकपणे उभ्या होत्या.

"नाका रे. जो आमका राखता, त्याका टाकून खंय जातलंय?"

"मगे मुदत वाढवया?" जानकीने विचारले.

"वाढवया."

गौरेश चरफडत गेला. जानकी मागच्या गॅलरीत पाय लांब करून पेपर तपासायला बसली. दत्तप्रसाद मोठ्या समाधानाने शेजारी खुर्ची ओढून टेकला आणि त्याची नजर तिच्या पायांवर गेली. दोन्ही करंगळ्यांना चिकटपट्ट्या होत्या. त्याने पट्ट्यांकडे पाहिले. मग खाली सातवणीकडे पाहिले. मग पुन्हा पट्ट्यांकडे.

"पुढच्या खेपेक देवचाराक एक नंबर म्होटी व्हाणो हाडा," पेपरातून डोके न काढता जानकी म्हणाली. "चावतत."