दाढेला पूल कसा कळतो?

आत्माराम बेटेगावहून सायकलने तारापूरच्या कारखान्यात जायचा. बोईसरचं रेल्वे फाटक बंद असलं की वाट बघत उभं राहणं त्याला कमीपणाचं वाटे. सायकल खांद्यावर टाकून तो सरळ रुळांवरच्या पादचारी पुलावर चढायचा. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर पूल चढताना त्याचा डावा जबडा दुखू लागला. अर्ध्या जिन्यावर कळ यायची, कानापर्यंत जायची आणि पलीकडे उतरून जरा टेकलं की निघून जायची.

"दाढ किडली," असं निदान त्यानं स्वतःच केलं. बायकोनं, शालूनं, लवंगेचं तेल लावलं. उपयोग झाला नाही, तेव्हा तो स्टेशनजवळच्या दाढवाल्याकडे गेला. दाढवाल्यानं तोंडात बॅटरी मारली, "हीच," म्हणाला आणि एक दाढ उपटली. आठ दिवसांनी पुलावर पुन्हा कळ!

"मग शेजारची असेल," दाढवाला म्हणाला. तीही गेली. कळ तशीच.

कारखान्यात शेजारच्या मशीनवरचा बन्सी म्हणाला, "आत्मारामभाई, एक-एक क्यों? पूरा सेट निकलवा लो!"

आत्माराम तिसऱ्या दाढेसाठी निघाला. मागच्या वेळी नुसती पकड बघून तो खुर्चीत बेशुद्ध पडला होता, म्हणून या वेळी शालू सोबत आली. फाटक बंद होतं. बायकोसमोर थांबायचं कसं? त्यानं सायकल उचलली. अर्ध्या जिन्यावर त्याचा हात गालावर गेला.

"काय झालं?" शालूनं विचारलं.

"दाढ."

"आनि घाम कसला?"

"दाढेचाच."

पलीकडे उतरून तो कट्ट्यावर बसला. कळ गेली. शालूनं खोदून विचारायला सुरुवात केली.

"सकाळी भाकरी चावलीत, तवा दुखली?"

"नाय."

"सुपारी फोडलीत तवा?"

"नाय गं."

"मंग दाढेला पूल कसा कळतो?"

"माझी दाढ हाय, मला म्हाईत!" आत्माराम उखडला.

दाढवाल्याच्या खुर्चीत त्याला आ वासून बसावं लागलं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच शालूला मधे कुणी न तोडता पूर्ण हकीगत सांगता आली. दाढवाल्याचं शिक्षण कच्चं होतं, पण डोकं पक्कं होतं. घाम आणि पूल ऐकताच त्यानं पकड खिशात घातली.

"ताई, यांना आधी इथून न्या. समोरच्या माडीवर मोठे डॉक्टर आहेत. माझ्या खुर्चीत काही व्हायला नको!"

माडीला सोळा पायऱ्या होत्या. चौदाव्या पायरीवर कळ आली आणि या वेळी टेकल्यावरही गेली नाही. डॉक्टरांनी आत्मारामला आडवं केलं, शर्ट उघडला आणि छातीला नळी लावली.

"सायेब, वर. दाढ वर हाय."

"बोलू नका."

मग छातीवर वायरी लागल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून तपासली. तोवर शालूनं पूल, घाम आणि काढलेल्या दाढा, सगळं त्यांना सांगितलं.

"हे दुखणं हृदयाचं आहे," डॉक्टर म्हणाले. "जबड्यात नुसतं कळतंय. चढताना येतं, थांबलं की जातं, वर घाम सुटतो. असलं दुखणं दाढेचं नसतं. आणखी महिनाभर दाढाच काढत बसला असतात, तर आपली भेट झाली नसती. आता पाऊल खाली टाकायचं नाही. मी गाडी बोलावतो, लगेच इस्पितळात जायचंय."

आत्मारामचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. दोन-तीन मिनिटांत कळ ओसरली. तसा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला आणि कोपरावर टेकून तो उठू लागला.

"सायेब, शेवटी औषध तोंडातच घातलंत ना? मी पयल्यापासून तेच सांगत होतो!"

डॉक्टरांनी शालूकडे बघितलं. शालूनं पदरानं डोळे पुसले, नवऱ्याचा खांदा धरून त्याला हळूच परत आडवं केलं आणि म्हणाली, "व्हय, तुमचंच खरं. आता तोंड मिटा. गोळी विरघळायची हाय."