खाऱ्या पाण्याची साक्ष

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं उत्तमराव घोरपडे भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांनी 'गुप्तहेर' अशी तीन भाषांतली कार्डं छापून घेतली होती आणि गुप्तता राहावी म्हणून ती ते स्वतःच्या हातानं वाटत. एरवी ते जयपूरच्या एका विमा कचेरीत अधिकारी होते. त्यांच्या हाताखालचा कारकून रंगनाथ पूर्वी फौजेत सुरुंग शोधायच्या तुकडीत होता. त्याच्या बढतीचा शेरा उत्तमरावांनी लिहायचा असल्यामुळे रविवारी तो त्यांचा सहायकही असे.

१९६४च्या चैत्रातल्या अशाच एका रविवारी दोघं सिविल लाइन्समधल्या आनंदरावांच्या सरकारी बंगल्यावर पोचले. शुक्रवारी तिथं चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं होतं. गावातल्या चाळीस मराठी बायका ओटी भरून घेऊन गेल्या, आणि रात्री पाहतात तर आनंदरावांच्या पत्नी शालिनीबाईंच्या बोटात सासूबाईंनी दिलेली अंगठी नव्हती. चाळीस सुवासिनींवर संशय घेणं बरं दिसेना, म्हणून तो भागुबाईवर घेण्यात आला. ती घरची मोलकरीण, कोल्हापूरची, बारा वर्षं या घराबरोबर बदलीमागून बदली झेलत आलेली. तिला गावी धाडायला संध्याकाळच्या गाडीचं तिकीटही काढून झालं होतं.

उत्तमरावांनी बागेतली पावलं तपासली. पावलं अनवाणी होती, त्याअर्थी चोर जोडे काढून ठेवणारा, म्हणजे चांगल्या घरातला होता. ती पावलं नंदकिशोर माळ्याची होती आणि तोही तिथंच अनवाणी उभा होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. पुढचा निष्कर्ष असा की अंगठी हिरवळीत पुरली आहे. लष्कराच्या लिलावात घेतलेलं सुरुंगशोधक यंत्र रंगनाथनं खांद्यावर अडकवलं. तेवढ्यात खणायला सोपं जावं म्हणून उत्तमरावांनी माळ्याला सारी हिरवळ विहिरीच्या पाण्यानं भिजवायला सांगितलं.

रंगनाथ म्हणाला, "साहेब, हे कोरड्या जमिनीवरच नीट चालतं. इथल्या विहिरीचं पाणी खारं आहे. खाऱ्या ओलीतून वीज वाहते आणि यंत्राला तोच धातू वाटतो."

"पाणी म्हणजे लोखंड नव्हे, रंगनाथ. शाळेत गेला होतात ना?"

तासाभरानं यंत्र सुरू झालं आणि पहिल्याच पावलाला रंगनाथच्या कानांवरच्या कर्णयंत्रात सगळ्यांना ऐकू येईल अशी कोल्हेकुई सुरू झाली. दुसऱ्या पावलालाही तीच. उत्तमरावांनी कर्णयंत्र ओढून स्वतःच्या कानांना लावलं. त्यांचा चेहरा उजळला. इतका आवाज अंगठीचा नसतो, खाली जुन्या काळची तोफ आहे, असं त्यांनी जाहीर केलं. माळ्यानं चार खड्डे खणले. तोफ निघाली नाही. मग तोफ चोरांनी आधीच नेली होती.

भागुबाई खड्ड्यांशेजारी चिखलात उभी राहून हे पाहत होती. उत्तमरावांनी यंत्राची तबकडी तिच्या पायांजवळ नेली. यंत्र किंचाळलं.

"गिळली आहे," ते थंडपणे म्हणाले.

शालिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. आनंदरावांनी घड्याळात पाहिलं. तिकीट रद्द करून पोलिसांनाच बोलवावं का, असं त्यांनी विचारलं. भागुबाई एवढंच म्हणाली, "बारा वर्सं ह्यांचं मीठ खाल्लं, अंगठी न्हाई."

बढतीचा शेरा रंगनाथच्या डोळ्यांसमोरून गेला. तरी त्यानं यंत्र हातात घेतलं आणि भागुबाईला कोरड्या व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं. तिथं यंत्र गप्प. मग त्यानं साहेबांना चिखलात उभं राहायची विनंती केली. यंत्र किंचाळलं.

"माझ्या बुटांना खिळे आहेत," उत्तमराव म्हणाले.

बूट काढले. मोजे काढले. यंत्र किंचाळतच राहिलं. गुप्तहेरानंच अंगठी गिळली असावी, अशा नजरेनं आनंदराव पाहू लागले. पण अंगठी काही मिळाली नव्हती आणि तिकीट टेबलावर तसंच होतं.

तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला आणि उत्तमरावांच्या पत्नी रमाबाई घाईनं आत आल्या. अनवाणी नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. शुक्रवारी ओटीत मिळालेले भिजवलेले हरभरे त्यांनी मोड यायला फडक्यात बांधून ठेवले होते. आज उसळीसाठी फडकं सोडलं, तर त्यात ही.

त्यांनी मूठ उघडली. शालिनीबाईंना आठवलं, भिजल्या हरभऱ्यांच्या मुठीच्या मुठी त्यांनी चाळीस ओट्यांत घातल्या होत्या. हात मनगटापर्यंत ओले होते आणि सासूबाईंची अंगठी मुळातच सैल होती.

"भागुबाईच्या ट्रंकेत नाही सापडली," उत्तमरावांकडे बघत रमाबाई म्हणाल्या, "आपल्या स्वयंपाकघरात सापडली. दोन दिवस तुम्ही त्या फडक्याशेजारी बसून जेवताय."

उत्तमरावांनी वही काढून लिहिलं : वस्तू ओलसर जागी असणार, हा आमचा कयास अचूक ठरला.

शालिनीबाईंनी भागुबाईचा हात धरला, चुकलं म्हणाल्या आणि तिकीट फाडायला घेतलं. भागुबाईनं ते अलगद काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, बाईसाब. लेकीचं तोंड बघून चार वर्सं झाली. म्हैनाभर जाऊन येतो."

"आणि मी इथं एकटी काय करू?"

"भांडी घासा," भागुबाई ट्रंक उचलत म्हणाली. "पर आदी अंगठी काढून ठिवा. हात वले असत्यात."