पाहुण्यासाठी सिमेंट

सकाळी साहेब निघाले तर मोटार आवारात आणि फाटकात भिंत उभी!

ॲटलसच्या डोंगरातल्या बायकांसाठी सरकारने गवंडीकामाचा वर्ग काढला होता. पुढच्या वर्षी पैसा द्यायचा की नाही हे ठरवायला इद्रिस साहेब आदल्या दुपारी आले होते. वर्ग बंद पडला तर तिथे शिकणाऱ्या तूदाच्या पाठीवर पुन्हा डोंगरावरचं सरपण येणार होतं. बिचारीचा जीव टांगणीला लागलेला.

भिंत तशी रोजचीच. सपाट जागा फाटकातच, म्हणून बायका तिथे चिखलाच्या मालात विटा रचत आणि संध्याकाळी ढकलून पाडत. काल मात्र मोटार आत आल्यावर ती साहेबांना दाखवायला रचली, मग त्यांना चहा दिला, चहावर चहा झाला, मग जेवण आणि अंथरूणही आलं. पाहुण्याला उपाशी सोडणारं गाव अजून जन्माला यायचंय! त्या नादात भिंत पाडायची राहिली.

"ढकला की आता!" वर्ग शिकवणारे उस्ताद हम्मू ओरडले.

बायकांनी ढकलली, ड्रायव्हरनेही खांदा लावला. भिंत ढिम्म.

"तूदा, मालात काय घातलंस?"

"सिमेंट."

"अगं बये! ते खऱ्या कामासाठी होतं ना?"

"मग? दारात पाहुणा आणि त्याच्यापुढे चिखल ठेवू? माझ्या आईने नाही असं शिकवलं."

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. साहेब फणफणले, "पोरखेळ आहे नुसता! बंदच करतो हा वर्ग. आवाराचं हे कुंपण माझ्या मेहुण्याने बांधलंय, बघा जरा. काम म्हणतात ते याला!"

तूदाचे डोळे भरून आले. ती हातोडा आणायला धावली, पण साहेबांना दम कुठला? ते ड्रायव्हरवर खेकसले, "गाडी मागे घे, वळव!"

ड्रायव्हर गडबडला. मोटारीचा कुंपणाला जरासा धक्का लागला आणि मेहुण्यांची अख्खी भिंत फसकन खाली बसली. धूळ उडाली. पलीकडचा रस्ता लख्ख दिसायला लागला.

उस्तादांनी एक ढेकूळ उचलून बोटांत चोळलं. नुसती वाळू. "साहेब, यात सिमेंट..."

"असू द्या, असू द्या!"

"रस्ता झाला की मोकळा," तूदा डोळे पुसत म्हणाली. "पण चहा घेतल्याशिवाय कसे जाल?"

साहेब मुकाट्याने बसले. पेला रिकामा करून हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षीचा पैसा मिळेल. एवढं कुंपण तेवढं तुम्हीच बांधून टाका. बोभाटा नको."

"बांधू की," तूदाने पेला पुन्हा भरला. "मेहुण्यांना पाठवा मात्र. माल कालवायला बिगारी लागतोच."